बाबूभाई राहतात कुठं?

सरकारी टेबलावर किस्से कसे साचतात, ते टेबलावर बसणाऱ्यालाच ठाऊक. आपण काही गोळा करायला जात नाही हो! रोज एक माणूस समोर येऊन उभा राहतो, आपण त्याला "उद्या या" म्हणतो, आणि किस्सा आपला आपण तयार होतो. मी नगरच्या कचेरीत मोटार लायसनच्या टेबलावर कारकून होतो तेव्हाचे माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यातले अर्धे एकट्या बाबूभाईंचे.

लढाईचे दिवस होते. शेख बाबू हे पैठणकडचे, म्हणजे मोगलाईतले. निजामाच्या मुलखाला तेव्हा आमच्याकडे सगळे मोगलाईच म्हणत. सासुरवाडी नेवाशाची. तिथल्या एका शेठनं त्यांना नेवासा-नगर सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून बोलावलं, म्हणून ते बायकोला घेऊन गोदावरी ओलांडून इकडं आले. पंधरा वर्षं मोटार चालवलेला माणूस! पण इकडचं लायसन हवं, आणि त्यासाठी इकडे राहत असल्याचा पुरावा हवा. तो मिळेपर्यंत शेठनं त्यांना त्याच मोटारीवर क्लीनर म्हणून ठेवलं. पाडव्यापर्यंत लायसन आलं नाही, तर दुसरा ड्रायव्हर बघणार, असं बजावूनच.

पेट्रोलचं रेशनिंग असल्यामुळे मोटारीच्या मागं कोळशाच्या गॅसची टाकी बसवलेली. भल्या पहाटे चाळिशी उलटलेले बाबूभाई त्या टाकीच्या पंख्याचा दांडा गरागरा फिरवायचे, आणि स्टेअरिंगवर बसायचा गणपत नावाचा बावीस वर्षांचा पोरगेला गडी. तो गिअर टाकायचा तेव्हा मोटारीपेक्षा बाबूभाईच जास्त कळवळायचे.

*

आमचे हेडक्लार्क आबासाहेब. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाचं काम केलं नाही. खोटं अक्षर मात्र जन्मात लिहिलं नाही, हे त्यांचा वैरीसुद्धा कबूल करील.

पहिल्या दिवशी बाबूभाईंनी निजाम सरकारचं लायसन पुढं केलं. सगळं उर्दूत. आबासाहेबांनी कोर्टातल्या मुन्शींना बोलावून ते वाचून घेतलं. मुन्शींनी वाचलं, "शेख बाबू, राहणार पैठण, मोटार उत्तम चालवतात."

"झालं तर!" बाबूभाई खूश.

"झालंच," आबासाहेब म्हणाले. "तुम्ही पैठणला राहता, हे तुम्हीच सिद्ध केलंत. नेवाशाचं काय?"

*

पुढच्या खेपेला त्यांनी नाक्यावरची चिठ्ठी आणली. मोगलाईची हद्द ओलांडताना करोडगिरी, म्हणजे जकातीचा नाका लागायचा, तिथं सामानाची नोंद करून पावती मिळे. तिच्यात होतं, "शेख बाबू, एक ट्रंक, एक बायको, दोन कोंबड्या घेऊन कायमचे मोगलाईबाहेर गेले."

आबासाहेबांनी चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"तिथून गेलात, हे मान्य. पण इथं आलात, हे कुठं लिहिलंय?"

"साहेब, नावंत बसलो, अल्याड उतरलो! अजून कुठं जानार?"

"ते मला कसं कळणार? मधे गोदावरी आहे!"

त्यानंतर महिनाभर कचेरीतले शिपाई बाबूभाईंना बघितलं की विचारायचे, "काय शेख, नदीला पाणी किती?" मीही हसायचो. आता आठवलं की वाईट वाटतं.

*

मग गावच्या पाटलाचा दाखला. पाटील भला माणूस, कुणी मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं असं कधी झालं नाही. वडलांच्या वेळचा नमुना त्यानं काढला, त्यात फक्त नाव बदललं आणि अंगठ्याएवढा शिक्का मारून दिला. दाखल्यात होतं, "सदर इसमास मी त्याच्या जन्मापासून ओळखतो."

आबासाहेबांनी बोटांवर हिशेब केला.

"शेख, तुमचं वय?"

"एक्केचाळीस, साहेब."

"आणि पाटलांचं?"

बाबूभाईंनी दाखला मागं घेतला. पाटील सव्वीसचा होता!

*

याच सुमारास राहुरीकडचे एक बागायतदार लायसनला आले. नवी कोरी गाडी, रेशमी फेटा, हातात कागदाचा चिटोराही नाही. आबासाहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आपण राहता कुठं?"

बागायतदार खुर्चीतून अर्धे उठले. "कुनाला इचारतोस रं?"

रहिवास सिद्ध झाला. संध्याकाळच्या आत लायसन हातात!

*

बाबूभाई पुन्हा आले ते एकदम जोरात. त्यांची शेळी कुणाच्या तरी घासाच्या पिकात शिरली होती, ती नेऊन गावच्या कोंडवाड्यात घातली होती, आणि सोडवताना पावती मिळाली होती. पक्की, छापील, सरकारी! "शेळी एक, रंग काळा, राहणार नेवासे."

आबासाहेबांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा वाचलं.

"कागद उत्तम आहे. कुठंही खोट नाही. पण शेख, 'राहणार' शेळीपुढं लिहिलंय. मालकाचा नुसता अंगठा आहे."

बाबूभाईंनी मग खिशातून दुसरा कागद काढला. महिन्यापूर्वी त्यांना मुलगी झाली होती, तिच्या जन्माच्या नोंदीचा तो उतारा. जन्मठिकाण नेवासे. आबासाहेबांनी तोही मन लावून वाचला.

"बाईसाहेबांना लायसन द्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त वय भरत नाही."

सगळं ऑफिस खो खो हसलं. बाबूभाई हसले नाहीत. कागदाची घडी घालत एवढंच म्हणाले, "साहेब, माजी बायकू नेवाशाची, लेक नेवाशाची, शेळी नेवाशाची. मी तेवढा कुनाचाच न्हाई व्हय? पाडवा आठ दिसांवर आलाय." दौतीत टाक बुडवायच्या निमित्तानं मी मान खाली घातली. मला फार लाज वाटली.

त्या दिवशी मी धीर करून त्यांची फाईल परस्पर वरच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी एका ओळीत शेरा मारला, "जाऊन बघा."

*

आबासाहेब गेले. पंचनामा लिहायला मला बरोबर घेतलं. सकाळी नगरच्या स्टँडवर आम्ही बाबूभाईंच्याच मोटारीत बसलो. आबासाहेबांची छत्री टपावर बाबूभाईंनी ठेवली, नेवाशाला उतरवून दिली ती बाबूभाईंनी, आणि गल्लीबोळातून घर दाखवायला पुढं चालले तेही बाबूभाईच. घराला कुलूप होतं. बायको मुलीला घेऊन मामाकडं गेली होती. कुलूप बाबूभाईंनीच उघडलं.

आबासाहेब मला म्हणाले, "लिहा. इसम राहत्या जागी मिळून आला नाही."

"साहेब!" बाबूभाई ओरडलेच. "मी ह्यो काय उबा हाय की!"

"तुम्ही माझ्याबरोबर नगरहून आलात. मी आलो तेव्हा घर बंद होतं. खोटं कसं लिहू?"

गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांनी सांगून पाहिलं, "आवं, ऱ्हातोय की हितं!" आबासाहेब ढिम्म. मी कागद पुरा केला. बाबूभाईंनी कुलूप लावलं, आमची छत्री उचलली आणि मुकाट मोटारीकडं चालू लागले.

दुपारी त्याच मोटारीनं परत निघालो. घोडेगाव मागं पडलं आणि गणपतला हिवताप भरला. दात वाजायला लागले, मोटार रस्त्याच्या कडेला एका मैलाच्या दगडाला टेकली. दगडावर अठरा कोरलेलं. फाल्गुनातलं ऊन, सावलीला एक बाभळ, आणि आत आमच्याखेरीज पंचवीस उतारू. गणपतला घोंगडीत गुंडाळून मागच्या बाकावर निजवलं. मग सगळ्या माना बाबूभाईंकडं वळल्या.

बाबूभाई दगडावर बसले होते. "माज्याकडं लायसन न्हाई."

तास गेला. दुसरी मोटार येण्याचं चिन्ह नाही. आबासाहेबांचा जीव वरखाली होऊ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळीच वरून तपासणी यायची होती, आणि ऑफिसच्या कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या जानव्याला! शेवटी छत्री उघडून ते दगडापाशी गेले.

"शेख, आता एवढं चालवा."

"कसं चालवू, साहेब? तुमच्या कागदात मी नेवाशाला न्हाई, पैठनला न्हाई. जो कुटंच न्हाई, त्यानं मोटार कशी चालवायची? आदी मी कुटं ऱ्हातो ते लिवा."

मोटारीतली माणसं खाली उतरून गोळा झाली. "लिवा की वो!" एकच गलका. आबासाहेबांना घाम फुटला. खोटं लिहायचं नाही आणि लिहिल्याशिवाय सुटका नाही. त्यांनी त्या गर्दीलाच विचारलं, "तुम्ही पंच. खरं सांगा. हे गृहस्थ राहतात कुठं?"

डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "कुटं म्हंजी? हितंच, या रस्त्यावं! सकाळच्याला जावा, सांजच्याला जावा, ह्यो बाबा हितंच दिसतोय. घरला कवा जातोय त्या देवाला ठावं!"

"व्हय, व्हय, हितंच!" बाकीच्यांनी री ओढली.

आबासाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी मला खाली बसवलं आणि छत्री माझ्या डोक्यावर धरून सांगू लागले. "लिहा. इसम समक्ष मिळून आला. ठिकाण नगर-नेवासे सडक, मैल अठरा, जिल्हा नगर. सदर इसम येथेच राहतो असे पंच एकमुखाने सांगतात." पंचवीस अंगठे उठले. शाई संपली तेव्हा शेवटच्या पाचांनी गॅसच्या टाकीचा कोळसा लावला.

बाबूभाईंनी कागद वाचून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि स्टेअरिंगवर बसले. काय गाडी चालवली म्हणता! पोटातलं पाणी हललं नाही. आबासाहेबांनी मात्र नगर येईपर्यंत डोळे गच्च मिटून घेतले होते. "विनालायसन मोटार चालवताना मी कुणालाही पाहिलेलं नाही," स्टँडवर उतरल्यावर ते मला म्हणाले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी लायसन निघालं. "शेख बाबू, राहणार मैल अठरा, नगर-नेवासे सडक." गणपत क्लीनर झाला.

वर्षानं लायसन नवं करायला बाबूभाई आले. आबासाहेब तोवर रिटायर झाले होते. नवे हेडक्लार्क कडक. त्यांनी लायसन बघितलं, चष्मा वर केला, बाबूभाईंना नखशिखांत न्याहाळलं.

"मैल अठरा? अजून तिथंच राहता?"

"व्हय साहेब," बाबूभाई अदबीनं म्हणाले. "रोज दोनदा दारावरनं जातो. पन उतरायला येळच मिळत न्हाई!"