एमिलचे ड्रम नव्या डिस्कवर

तर काल आपण कुठे होतो? हं, मायलो व्हाव्राने लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा घातला होता आणि त्याच्या पोटातले स्क्रू काढून बायकोच्या, म्हणजे लव्होनच्या, मफिनच्या साच्यात एकेका खळग्यात एकेक असे मांडले होते. लव्होन म्हणाली, "उद्या मफिन खाताना माझा दात तुटला, तर तुझी काही खैर नाही."

मायलो आमचा अकॉर्डियनवाला. अख्खा जन्म नेब्रास्काच्या मक्यात गेला, नखांतलं ग्रीस अजून निघालेलं नाही. पण शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये त्याने पोल्का धरला की काठी टेकत आलेली म्हातारी काठी विसरून नाचते. त्याचा ड्रमर एमिल. सांधेदुखीने बोटं आखडायला लागली तसा तो मुलीकडे ॲरिझोनाला गेला. जाण्याआधी मात्र, बोटं चालत होती तोवर, याच स्वयंपाकघरात बसून त्याने सगळ्या गाण्यांचे ड्रम वाजवले आणि मायलोने ते लॅपटॉपात भरून घेतले. तेव्हापासून स्टेजवर एमिलच्या खुर्चीत लॅपटॉप बसतो.

आणि आता त्या लॅपटॉपची डिस्क टिकटिकायला लागली होती, म्हणजे ती आज ना उद्या बंद पडणार. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती गेली की एमिल गेला, कारण ते हात आता कॉफीचा कपसुद्धा दोन्ही बाजूंनी धरतात.

मायलोने नवी डिस्क मागवली, एका डबीत बसवून वायरीने लॅपटॉपला जोडली आणि जुनीवरचं होतं नव्हतं ते सगळं नवीवर उतरवायला लावलं. सकाळभर ते चाललं. झालं म्हणून पडद्यावर उमटलं, तेव्हा कुठे स्वारीने स्क्रू त्या मफिनच्या साच्यात मांडत लॅपटॉप उघडून जुनी डिस्क बाहेर काढली.

आता आम्हा शेतकऱ्यांची एक खोड. पंप बदलला की काढलेला जुना पंप नव्याच्या खोक्यात घालून फळीवर ठेवायचा. लागला कधी तर असावा. आमच्या सगळ्यांच्या शेडमध्ये अशी खोकी आहेत, वर चित्र नव्याचं आणि आत गंजलेलं काहीतरी. मायलोच्या हाताने सवयीप्रमाणे जुनी डिस्क नव्याच्या खोक्यात घातली. तेवढ्यात लव्होनने जेवायला हाक मारली. डुकराचं मटण, डम्पलिंग आणि आंबट कोबी पोटात गेल्यावर मायलो डुलत डुलत परत आला, खोक्यातली डिस्क काढली, लॅपटॉपात बसवली आणि सगळे स्क्रू पिळले. खरी नवी डिस्क डबीत तशीच.

लॅपटॉप सुरू झाला. कण्हत, कुंथत. आणि टिक, टिक.

मायलो मटकन खुर्चीत बसला. "सगळं जसंच्या तसं उतरतं म्हणाले होते. टिकटिकपण उतरली बघ."

"टिकटिक कशी उतरेल? फोटोत कधी खोकला येतो का?"

"मग ही नवीही आजारी निघाली. शनिवारी हॉलमध्ये मी काय टाळ्या वाजवू?"

लव्होनने चष्मा चढवला आणि खोकं उलटंपालटं करून वाचलं. "यावर लिहिलंय, आत फिरणारं काही नाही, आवाज नाही. मायलो, जुनी कुठे ठेवलीस?"

मायलोने लॅपटॉपला कान लावला. दोनदा टिक, मग जरा उशिराने एक टिक. आयुष्यभर ताल ऐकलेला कान तो. आठवडाभर ऐकत होता तीच ही, अगदी तीच. तो डबीकडे बघून कानापर्यंत लाल झाला.

"मला वाटलं, हा रोग फक्त पंपांपुरता आहे," लव्होन म्हणाली आणि हसत हसत मफिनचा साचा पुन्हा पुढे सरकवला.

या खेपेला डबीतली डिस्क आत गेली आणि लॅपटॉप हूं की चूं न करता सुरू झाला. मायलोने पहिल्या पोल्काचे ड्रम लावले आणि ते संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

शनिवारी हॉल नेहमीसारखा दणाणला. मधल्या सुट्टीत ॲरिझोनाहून फोन आला. एमिलने विचारलं, "काय रे म्हाताऱ्या, कसा वाजवतोय मी?"

मायलो म्हणाला, "होतास तसाच, जरा घाईत. पण हल्ली गाणं अर्ध्यावर टाकून बिअर आणायला उठत नाहीस, एवढी सुधारणा आहे."