वाघमारे सरांकडचे लंडनचे पाहुणे

"वाघमारे सर चालले म्हणे लंडनला, पोराकडं. ते पिच्चरवाले नेऊन राहिलेत. आन् मंग घर..."

पाण्याच्या रांगेत एवढंच माझ्या कानावर आलं. तेवढ्यात टँकर आला आणि पुढचं सगळं घागरींच्या खणखणाटात गेलं. थांबून ऐकावं की पळावं? पळाले. त्या वर्षी बातमीपेक्षा पाणी मोठं होतं.

पण डोक्यात तेच. सर आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. भिंत सामाईक असली की किस्से आपोआप साचतात, कान लावावा लागत नाही. आमचे हे म्हणतात, "तू लावतेसच!" ते एसटीत कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस नांदेडला मुक्कामी. त्यांना काय कळतं!

सर इंग्रजीचे मास्तर, रिटायर झालेले. त्यांच्या बाई वारल्या. एकुलता एक मिलिंद स्कॉलरशिपवर लंडनला गेला तो तिकडंच नोकरीला लागला. वर्षाला एक कार्ड यायचं. आणि अचानक एक दिवस तिथल्या हेलनबाईचं पत्र आलं. तिला आपल्याकडच्या दुष्काळावर फिल्म काढायची होती. मिलिंद तिच्या ओळखीचा. त्यानं सांगितलं होतं, 'तिथलं सगळं माझे वडील बघतील.'

सर मला म्हणाले, "वहिनी, पोरानं नाव सुचवलं माझं!"

तेव्हापासून त्यांच्या मनानं घेतलं, की हे लोक परत जाताना आपल्यालाही नेणार.

*

आमचा लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. हेलनबाईच्या नकाशात तो नव्हताच! ती पत्त्यावर जुना जिल्हा लिहायची. मग पत्र आधी उस्मानाबादला, तिथून आमच्याकडं. पोस्टमन ओरडायचा, "सर, तुमचं लंडन उस्मानाबादहून आलं बघा!"

आम्ही सगळे ओट्यावर जमायचो. सर पत्र उलटंपालटं करून बघायचे. प्रत्येक उत्तरात ते विचारायचे, 'मिलिंद कसा आहे?' आणि प्रत्येक पत्रात यायची यादी. भेगा पडलेला तलाव पाहिजे. कोरडी विहीर पाहिजे. आभाळात विजेच्या तारा नकोत.

मी विचारलं, "सर, नेमकं काय पाहिजे हो त्यांला?"

"दुष्काळ पाहिजे, वहिनी."

"मंग म्हणावं, सगळाच घेऊन जा!"

सर हसले. लई दिवसांनी हसले.

*

एकदा दुपारी भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. इंग्रजीत! सर विचारत होते, मध्येच हसत होते, "प्लीज, प्लीज" करत होते. मला वाटलं, आले की काय पाहुणे? वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. पाहुण्यांकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?

सर एकटेच बसले होते. समोर दोन ताटं वाढलेली.

मला बघून कानापर्यंत लाल झाले. "प्रॅक्टिस करून राहिलो होतो."

मी चटणी दोन्ही ताटांत वाढली आणि आले.

*

गोऱ्या लोकांना उकिडवं बसता येत नाही, हे सरांनी कुठंतरी वाचलेलं. मग सुताराला बोलावून घरातल्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीला मधोमध गोल भोक पाडून घेतलं. संडासात ठेवायचं राहून गेलं, आणि पाहुणे आले! हेलनबाई सरळ जाऊन त्याच खुर्चीत बसली. चहा घेतला, बिस्कीट घेतलं. सर घामाघूम!

उठताना बाई म्हणाली, "उन्हाळ्यासाठी हवा खेळती ठेवलीय तुम्ही. फार हुशार!"

*

शूटिंगचं गाव सरांनी महिनाभर सायकलवर हिंडून शोधलं होतं. निलंग्याच्या वाटेवरचं. अंगणं फाटलेली, विहिरीत दगड दिसायचे. यादीतलं सगळं जमलेलं!

सकाळी जीप पोचली आणि सरांनी डोक्याला हात लावला. घरोघर सडा, रांगोळी. बाया लग्नातल्या साड्यांत. बैलांच्या शिंगांना रंग. आणि विहिरीत पाणी! आदल्या दिवशीचा टँकर गावानं विहिरीत ओतून घेतला होता आणि कुणीही घागर शेंदली नव्हती.

सर सरपंचावर ओरडले, "अहो, त्यांला कोरडं पाहिजे होतं!"

सरपंच म्हणाला, "सर, लंडनचा पाहुणा दारात आन् अंगण कोरडं? विहीर मोकळी? गावाची काय इज्जत राहील? चार दिवसांनी या म्हणावं, आपोआप कोरडं व्हतंय."

हेलनबाईनं सरांना विचारलं, "काय म्हणतात?"

सर जरा थांबले. "म्हणतात, आधी पाणी घ्या."

त्या दिवशी कॅमेरा पेटीतच राहिला.

*

विसाव्या दिवशी शूटिंग उरकलं. निघायच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर उभे होते. दाराआड भरलेली बॅग होती. मी बघितली होती.

हेलनबाईनं हात जोडले, थँक्यू म्हणाली. सामान जीपमध्ये चढलं. सरांना न्यायचं म्हणून कुणी काही बोललं नाही. सरांनीही विचारलं नाही.

मलाच राहवेना. मी सातवी पास, पण जीपपुढं जाऊन उभी राहिले. कॅमेऱ्याकडं बोट, सरांकडं बोट. "मिलिंद! मिलिंद!" म्हटलं. बाईला बरोबर कळलं. तिनं कॅमेरा उतरवला, माइक धरला.

वीस दिवस सगळ्यांच्या वतीनं बोललेला माणूस, आणि आता तोंडातून शब्द फुटेना! रीळ नुसतं किरकिर फिरत होतं. कॅमेरावाल्यानं हात वर केला, संपत आलं म्हणून.

तेव्हा सर म्हणाले, "मिलिंद, जेवलास का रे?"

संपलं रीळ. जीप गेली. मग भिंतीपलीकडून बॅग उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ सर कपडे परत दोरीवर टाकत होते.

*

तीन महिन्यांनी हेलनबाईचं पत्र आलं. पत्त्यावर 'लातूर जिल्हा' बरोबर लिहिलेलं! सर ओट्यावर बसून मला मराठीत सांगत होते. बाईनं मिलिंदला ऑफिसात बोलावून तो तुकडा भिंतीवर दाखवला. त्यानं परत लावायला सांगितलं. परत. असं चार वेळा.

म्हणजे टँकरवरची बातमी निम्मी का होईना, खरी होती. पोचले होते सर पोराकडं.

"पुढं?" मी म्हटलं.

"चौथ्या वेळी मिलिंद उठून भिंतीजवळ गेला. काहीतरी मोठ्यानं बोलला, आणि कोट घालून निघून गेला. बाई लिहिते, 'अर्थ विचारला तर सांगितला नाही. ऐकू आलं तसं खाली लिहिलंय. तुम्ही सांगाल का?'"

"काय लिहिलंय?"

सरांनी ते वाचलं नाही. कागद माझ्यापुढं धरला. शेवटच्या ओळीत अक्षरं इंग्रजी होती, बोली आपली. माझं सातवीपर्यंतचं इंग्रजी तेवढ्याला पुरलं.

'हाव बाबा. जेवलो.'