वैनी एक दिवस बसल्या

आमच्या वैनींना बसता येत नसे. म्हणजे गुडघे धड होते, कंबर धड होती, पण चारचौघं बसतात तसं बसणं त्यांना कधी जमलं नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा उभा. लग्नकार्यात कुणी खुर्ची दिली तर तिच्या कडेवर नुसतं टेकायचं, हाक आली तर उठायला वेळ लागू नये म्हणून. "वैनी, पाठ टेकली तर खुर्ची मोडते काय हो?" असं मी चिडवायचो. "सवय न्हाय भावजी," म्हणत त्या उठूनच जायच्या.

घर आमचं निपाणीतलं. थोरल्या भावाचं, अण्णाचं, बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. वैनी चिकोडीकडच्या कानडी बोलणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठी अडखळत बोलायच्या, आणि वर्षभरात आमच्या गल्लीतल्या बायकांना मराठीत गप्प करायला लागल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. पुढं नोकरीच्या मागं जर्मनीत न्यूर्नबर्गला गेलो आणि तिथलाच झालो. "आईची काळजी नाही, वैनी आहेत की," हे मी तिकडच्या मित्रांना इतक्या निवांतपणे सांगायचो की आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

आम्ही जैन, आणि आई आमची व्रती. वडील गेल्यावर तिनं महाराजांकडून व्रत घेतलं. दिवसातून एकदाच जेवायचं, पाणीही त्याच वेळी प्यायचं. तेही घरामागच्या विहिरीचं, कापडानं गाळलेलं. रांधणाऱ्यानं अंघोळ करून शुद्ध कपड्यात रांधायचं. आणि घासात केस निघाला, मेलेली मुंगी निघाली, की अंतराय झाला. तिथंच हात धुऊन ताटावरून उठायचं. मग दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळं आईच्या जेवणाआधी वैनी भाताचं शीत न् शीत बघायच्या. तांदूळ तीनदा निवडायच्या आणि केसांना फडकं इतकं घट्ट बांधायच्या की कपाळावर वळ उठायचा.

पाहुण्यांसमोर आई म्हणायची, "हिच्या हातचं नसलं तर माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय." ऐकणाऱ्यांना वाटायचं, सुनेचं केवढं कौतुक! पण या कौतुकापायी वैनी माहेरी एक रात्र राहू शकल्या नाहीत. आईचं जेवण उरकून दुपारच्या बसनं चिकोडीला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. सख्ख्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या तशा त्या मांडवातून निघाल्या होत्या. आम्हाला कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. चांगल्या घरात असंच असतं, एवढंच वाटायचं.

मला मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला सासूबाई येणार होत्या, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी फोनवर वैनींना विचारलं ते खरं तर विचारायचं म्हणून. त्या "येते" म्हणाल्या आणि मीच गडबडलो. आईसाठी संकेश्वरहून आक्का, माझी थोरली बहीण, येऊन राहिली. आईला ते पसंत नव्हतं, पण नातीचं कारण पडलं म्हणून गप्प बसली.

न्यूर्नबर्गात वैनींनी पहिल्याच सकाळी नळाच्या तोटीला कापड बांधलं. आमच्यात पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतात, त्याला जिवाणी म्हणतात. "ह्या नळाची विहीर कुठं हाय?" त्यांनी विचारलं. आता काय सांगावं? शेवटी घराजवळच्या नदीवर तोडगा निघाला. रोज एक तांब्या घेऊन त्या नदीवर जायच्या आणि वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्यांशी खुशाल कानडीत बोलायच्या. मी हसलो तर म्हणाल्या, "मराठी बी कळत न्हाय त्यांला, हिंदी बी कळत न्हाय. मग आपल्या आईची भाषा बोललेली काय वाईट?" म्हातारेही थांबून ऐकायचे.

पण त्यांचं मन होतं निपाणीत. तिथं आईच्या जेवणाची वेळ झाली की आमच्याकडं जेमतेम सकाळ असायची. आंघोळ करून वैनी फोन लावायच्या. आक्कानं आधी स्वतःचं डोकं दाखवायचं, फडकं नीट बांधलंय का बघायला. मग ताट. "फोन जरा भाताकडं धरा. आनखी जवळ. डाव्या बाजूला काळं काय हाय? ते जिरं व्हय? काढाच ते." आक्का वैतागायची, पण काढायची. आईनं शेवटचं पाणी पिऊन हात धुतला की वैनी फोन ठेवायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. हे रोज.

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा बायको म्हणाली, "वैनींना एक दिवस तरी कुठं तरी फिरवून आणा. आल्यापासून त्यांनी माझं डोकं आणि बाळाची टाळू सोडून काही बघितलेलं नाही." म्हणून मे महिन्यातल्या एका स्वच्छ दिवशी आम्ही दोघं रोथेनबुर्गला निघालो. तटबंदीच्या आतलं जुनं गाव, दगडी रस्ते, लाल कौलांची उतरती घरं. दोनदा गाडी बदलावी लागते. फोनची वेळ झाली ती पहिल्याच गाडीत. वैनींनी पिशवीतून फोन काढला. मी म्हणालो, "आज राहू दे की वैनी. आक्काला आता सगळं जमतंय. एक दिवस तुमचा म्हणून घालवा." त्यांनी फोन थोडा वेळ मांडीवर धरून ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी म्हणतायसा तर राहू दे," आणि पिशवीत टाकला.

तो दिवस चांगला गेला, हे सांगायलाच हवं. तटावरून चालायला लाकडी छपराची वाट आहे, आणि भिंतीत जागोजागी दगड बसवून त्यांवर नावं कोरली आहेत. युद्धात पडलेली भिंत पुन्हा बांधायला ज्यांनी मदत केली त्यांची ती नावं, असं मी सांगितलं. वैनींनी पदर सावरून एका दगडाला हात लावला. "आपल्या बस्तीत देवळाच्या पायरीवर नावं घालत्यात तसंच की. लई पुण्याचं काम केलंय." पुढं दुकानाच्या काचेत चिरोट्याच्या पाऱ्या गुंडाळून चेंडू करावा तशी तळलेली मिठाई दिसली. वैनींनी आत जाऊन त्या बाईला कानडीत विचारलं, यात अंडं घालता काय? बाई जर्मनमध्ये काही तरी म्हणाली. "हाय म्हणत्यात," वैनी मला म्हणाल्या. बरोबरच होतं ते. हॉटेलाबाहेरच्या पाट्या मी वाचून दाखवत होतो आणि प्रत्येक पाटीवर बटाटा. "ह्या लोकांनी जमिनीखालचं काय ठेवलंच न्हाय," असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मला त्यांचं हसणं नवीन वाटलं.

गावाच्या टोकाला बाग आहे, तिथून खाली नदीचं खोरं दिसतं. झाडाखाली बाक होता. वैनी बसल्या, आधी नेहमीसारख्या कडेवर. मग चप्पल काढली. मग मागं सरकल्या आणि त्यांनी पाठ टेकली. बोललो तर उठतील अशी मला भीती वाटली. खाली नदी बघत त्या म्हणाल्या, "लहानपणी सदलग्याला मामाकडं गेलं की दूधगंगेत पवायचो आमी. ह्या काठावरनं त्या काठाला. पोरं मागं पडायची." वैनींना पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. अण्णाला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. त्यांनी दशम्यांचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि पिशवीत फोन वाजला.

आक्का होती. ती रडत होती. आईला अंतराय झाला होता, दुसऱ्याच घासाला केस. सकाळपासून सांगायचा धीर झाला नाही, म्हणाली. निपाणीत मे महिन्याचं ऊन, आईचं वय ऐंशीच्या पुढं, आणि उद्यापर्यंत पाणी नाही. वैनी नुसतं "व्हय… व्हय…" म्हणत राहिल्या. "रडू नका आक्का. आईस्नी ओल्या चादरीत झोपवा. पंख्याखाली न्हवं, बाजूला." फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि चप्पल घातली.

"वैनी, तुम्ही खाऊन तरी घ्या."

"आई पाण्याबिगर हाईत, भावजी."

परतीच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनवर त्या उभ्याच राहिल्या. मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर बाळाची अंघोळ घातली, बायकोचं जेवण केलं, स्वतः काही घेतलं नाही. बायको रागावली, मी विनवण्या केल्या, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनमध्ये आईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेला त्यांनी बघितला, आणि मग स्वैपाकघरात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहून पाणी प्यायल्या. मी म्हणालो, "माझं चुकलं वैनी. मीच फोन करू दिला नाही." त्या वळून म्हणाल्या, "तुमचं काय न्हाय हो. मलाच बसायची हौस झाली."

मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यानंतर दरवर्षी मी त्यांना बोलवायचो, तिकीट काढतो म्हणायचो. त्या हसून म्हणायच्या, "एकदा बसून बघितलं की." आणि विषय पोरीच्या शाळेवर न्यायच्या. मीही फार ताणायचो नाही. त्या घरी असल्या की मला तिकडं झोप लागायची, हे खरं कारण.

गेल्या वर्षी वैनी गेल्या. तापाचं निमित्त झालं. अंगात ताप असताना विहिरीवर उभ्या होत्या, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. अण्णा दुकानाच्या पायरीवर नुसता बसून असायचा. सुतकाचे दिवस आईचं ताट शेजारच्या घरातून आलं. सुतक फिटलं, आक्का संकेश्वरला गेली, आणि घरात आईला रांधून घालणारं कुणी उरलं नाही. मी म्हणालो, "मी करतो." आईनं विचारलं, "कांदा-बटाटा सोडशील?" सोडला म्हणालो.

सकाळी अंघोळ करून, डोक्याला फडकं बांधून, विहिरीचं पाणी शेंदलं. गाळलं. जिवाणी परत सोडली. तांदूळ निवडताना पाठ भरून आली. इतकं करून भात खाली लागला, वर चिकट झाला, आमटीत मीठ कमी. आई खाली मान घालून मुकाट्यानं जेवली. सगळा भात संपवला, पाणी प्यायली, हात धुतला.

"बरा झालाय भात," म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून वैनींनी या घरात रोज भात केला, आणि "बरा झालाय" हे शब्द या स्वैपाकघरात मी आजवर एकदाही ऐकले नव्हते. आणि माझ्या हातचा घास आईच्या घशाखाली बिनबोभाट उतरला होता. वैनी जर्मनीत होत्या तेव्हा तो आक्काच्या हातचाही उतरतच होता, अण्णाच्याही उतरला असता. आम्ही भावांनी कधी करून बघितलंच नव्हतं.

"आई, वैनींना असं कधी म्हणालीस काय गं?"

आईनं ओला हात पदराला पुसला. "तिला काय म्हणायचं? ती घरचीच न्हवं का?"

हात पुसून कोरडा झाला होता तरी ती पुसतच राहिली, आणि रिकाम्या ताटासमोरून काही केल्या उठेना. तिला बोल लावणारा मी कोण? इतकी वर्षं आम्ही सगळेच "वैनी आहेत की" म्हणत आलो होतो. मी ते जर्मनीतून म्हणत होतो, एवढाच फरक.