नशिराबादपाशी थांबलेली गाडी

माझी अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. जन्मापासूनच तिची हाडं ठिसूळ होती. सहा महिन्यांची असताना आईनं तिला कुशीवर वळवलं आणि मांडीचं हाड मोडलं. असा काही आजार असतो हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याच हातून काही चुकलं, असं आईनं धरलं आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढं शिंकताना अक्काची बरगडी गेली, दप्तर उचलताना मनगट गेलं. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर होता. डॉक्टर म्हणाले, तेही या आजाराचंच लक्षण. आम्हाला मात्र ते डोळे नुसतेच सुंदर वाटायचे.

धुळ्याला देवपुरात आमचं घर होतं. वडील एसटीत होते. आई अहिराणी बोलायची, आम्ही दोघं भावंडं शाळेतलं मराठी. अक्का घरीच शिकली, बाहेरून मॅट्रिकला बसली आणि गल्लीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागली. मला पळायचा नाद होता. सकाळी मी निघालो की ती वडिलांचं घड्याळ घेऊन ओट्यावर खुर्चीत बसायची. पिठाच्या गिरणीपर्यंत मी तिला दिसायचो. तिथून रस्ता पांझरा नदीकडं वळायचा. परत आलो की ती विचारायची,

"गिरणीच्या पुढं काय झालं?"

"काय व्हायचंय? पळालो."

"तसं नाही रे. धाप कुठं लागली? पाय कधी जड झाले?"

मला ते सांगता यायचं नाही. खरं म्हणजे कंटाळा यायचा. शाळेची घाई असायची. ती घड्याळातली मिनिटं वहीत लिहून ठेवायची.

पुढं मला वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लागली. क्वार्टर मिळालं. कारखान्याच्या शर्यतींत मी पळत राहिलो. महिन्या-दोन महिन्यांनी धुळ्याला जायचो. अक्काच्या मांडीत तोवर जळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी सळई बसवली होती. त्यामुळं ती कुबड्या घेऊन घरातल्या घरात चालू लागली होती. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. त्याच डॉक्टरांनी चार जणांना गोळा करून एक संस्था काढली. ठिसूळ हाडांची मुलं आणि पाय घसरून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या बाया यांच्यावर तिथं फुकट इलाज व्हायचे होते. जागा होती, पण प्लास्टरची खोली नव्हती, एक्स-रेचं मशीन नव्हतं.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुम्ही पळता. मॅरेथॉन करू या का? वरणगावच्या थोडं अलीकडून निघायचं, भुसावळवरून जळगावात यायचं. बरोब्बर बेचाळीस किलोमीटर भरतात. लोक दर किलोमीटरमागे देणगी बोलतील."

मी तिथंच हो म्हणालो. इतकं अंतर मी कधी पळालो नव्हतो.

पत्रकावर छापायला त्यांना एखादा फोटो हवा होता. माझ्या पाकिटात अक्काचा एक होता. सात वर्षांची, कमरेपासून पावलांपर्यंत प्लास्टर, कॅमेऱ्याकडं रोखून बघणारी. मी तो काढून दिला. तिला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पत्रकं भुसावळला, जळगावला वाटली गेली. एक धुळ्यालाही पोचलं. पुढच्या खेपेला घरी गेलो तर अक्कानं ते माझ्यापुढं ठेवलं.

"हा फोटो कुणी दिला?"

"मी."

"मला विचारलंस?"

"अक्का, चांगल्या कामासाठीच..."

"काम चांगलंच आहे. पण हाडं माझी मोडली. ती लोकांना दाखवणारा तू कोण?"

आवाज चढवून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तेवढं बोलून ती शिकवणीला आलेल्या मुलांकडं वळली. दोन दिवस मी घरात होतो, ती माझ्याशी बोलली नाही. निघताना मी तिच्या खुर्चीशी खाली बसलो आणि म्हणालो, "चुकलो. उरलेली पत्रकं मी परत घेतो. तू सांगशील तर पळत पण नाही."

तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं.

"पळ," ती म्हणाली. "पण मी येणार. स्टेजवर बसणार नाही, हार घेणार नाही. तुझ्या मागं गाडीत बसणार. मला तुला पहिल्यापासून शेवटपर्यंत पळताना बघायचंय."

आई ऐकत होती. मला म्हणाली, "पोरगी काचनी शे, भाऊ. रस्ता दगडना शे." आणि ती पदरानं डोळे पुसत आत गेली. पण तिनंच दोन जाड गोधड्या आणि चार उशा बांधून दिल्या.

संस्थेत जळगावचे एक मारवाडी व्यापारी होते. त्यांनी आपली अँबॅसॅडर आणि ड्रायव्हर दिला. आदल्या दिवशी गाडी धुळ्याहून अक्काला हळूहळू घेऊन आली. रात्री ती माझ्या क्वार्टरवर राहिली. मी केलेली खिचडी तिनं दोनदा मागून घेतली.

थंडीचे दिवस होते. पहाटे अंधारातच आम्ही नऊ जण निघालो. मागं गाडीचे दिवे. माझी सावली माझ्यापुढं लांबच लांब पळत होती. उजाडलं तसं दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागल्या. मध्येच गाडी माझ्या बरोबरीनं यायची. अक्का मागच्या सीटवर उशांत बसलेली, काच खाली केलेली, शाल कानाभोवती. नुसती बघायची. भुसावळला लोक रस्त्याच्या कडेला उभे होते. कुणी लिंबाचं सरबत दिलं, कुणी संत्री. साकेगाव मागं पडलं, वाघूरचा पूल गेला, तोवर मी मजेत होतो. बाकीच्यांतले काही पुढं गेले होते, काही मागं राहिले होते.

नशिराबाद जवळ आलं आणि पोटऱ्यांत गोळे आले. पाय माझे उरले नाहीत. पाठीमागून उन्हाची तिरीप मानेवर यायला लागली. रस्त्याकडेचा एक एक खांब संपेना. तेवढ्यात मागं गाडी बंद पडल्याचा आवाज आला. इतका वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवल्यानं इंजिन तापलं होतं आणि रेडिएटरची नळी फुटली होती. बॉनेटमधून वाफ येत होती. ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा.

मी मागं फिरलो. गाडीशी येऊन दाराला टेकलो आणि खालीच बसलो.

"तू का थांबलास?" अक्कानं विचारलं.

"तुला असं रस्त्यात टाकून कसा जाऊ? मेकॅनिक येईपर्यंत थांबतो."

"ड्रायव्हर आहे ना. जळगावला फोन करायला तो गावात जाईल. तू जा."

"आणि तो गेल्यावर तू एकटी? नको. नाहीतरी बरंच झालं पळून. लोक समजून घेतील."

ती खिडकीतून वाकता येईल तेवढी वाकली. त्या निळसर डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिली.

"भाऊ, तुझे पाय संपलेत. तसं सांग. मला निमित्त करू नकोस."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. माझ्या मनातलं तिला दिसलं होतं.

"कुठं दुखतंय?" तिनं विचारलं. आता आवाज मऊ होता.

"सगळीकडं."

"सगळीकडं कधीच दुखत नाही. नीट बघ. जिथं दुखत नाही ती जागा शोध आणि तिथं राहा. मी तसंच करते."

मी उठलो. पोटऱ्या दाबल्या. निघताना वळून पाहिलं तर तिनं मान हलवली, जा म्हणून.

दहा किलोमीटर राहिले होते. त्यातले निम्मे मी चाललो, निम्मे पळालो. न दुखणारी जागा शोधत होतो. कधी ती खांद्यांत सापडायची, कधी नुसती तळहातांत. जळगावात शाळेच्या मैदानावर पोचलो तेव्हा बँडवाले निघून गेले होते, पण डॉक्टर उभे होते. माझ्या मागं अजून दोघं यायचे होते.

गाडी दुपारी आली. मांडववाले कनाती सोडत होते. मी सतरंजीवर पाय पसरून पडलो होतो. ड्रायव्हरनं अक्काला जपून उतरवलं. तिच्या ओंजळीत हरभऱ्याचे हिरवे घाटे होते.

"पोचलास?"

"पोचलो."

"आता सांग," ती म्हणाली. "नशिराबादच्या पुढचं सगळं सांग."

दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाताना मी तिला सांगितलं. पाय कुठं अडखळला, कुठं रडू आलं, रेल्वेच्या फाटकापाशी एका म्हातारीनं पाठीवर हात ठेवला, ते सगळं. ती मध्येमध्ये प्रश्न विचारत होती आणि मी पहिल्यांदाच नीट उत्तरं देत होतो. वाटेतलं पारोळा कधी आलं आणि गेलं, कळलं नाही.

देणग्या बऱ्या जमल्या. वर्षभरात प्लास्टरची खोली झाली, मशीन आलं. डॉक्टरांनी अक्काला एक काम सांगितलं: अशा मुलाला कसं उचलायचं ते आयांसाठी लिहून द्या. तिनं एका मोठ्या कागदावर स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं. मुलाला काखेत धरून उचलू नका. पाय ओढून लंगोट बदलू नका. एक हात पाठीखाली, एक ढुंगणाखाली घाला. हाड मोडलं तर स्वतःला दोष देऊ नका. हे शेवटचं वाक्य आईनं दोनदा वाचून घेतलं. तो कागद काचेच्या चौकटीत दवाखान्यात लागला.

चार वर्षांनी अक्का गेली. हाडानं नाही, छातीत कफ साठून. तिच्या बरगड्यांच्या पिंजऱ्यात फुप्फुसांना जागाच कमी होती. आता आईही नाही. माझे गुडघे पळू देत नाहीत.

मला एकच गोष्ट राहून राहून छळते. त्या दिवशी तीन तास ती नशिराबादच्या रस्त्यावर गाडीत बसून होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती अशी अनोळखी रस्त्यावर, ना आई जवळ, ना मी. ड्रायव्हर गावात गेला तेव्हा तर अगदी एकटी. शेतातल्या बाया आल्या होत्या, त्यांनी घाटे दिले, एवढं ती सहज म्हणाली होती. आणखी म्हणाली होती, "मला फार मजा आली रे." आणि मी लगेच माझी गोष्ट पुढं सुरू केली होती. कोण बाया होत्या, काय बोलल्या, तिच्या कुबड्यांकडं बघून काय म्हणाल्या, ती हसली का, मी काहीच विचारलं नाही.

गेल्या वर्षी जळगावला जाताना बस तिथून गेली. रस्ता रुंद झालाय. हरभऱ्याचं शेत कुठलं ते ओळखू आलं नाही. मी खिडकीतून दोन्ही बाजूंना बघत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, "काही शोधताय का, आबा?"

"नाही," मी म्हणालो. पण गाव संपेपर्यंत बघत राहिलो.