केसांतल्या काचा

त्या सकाळचा विषय निघाला की अजूनही माझी मान ताठ होते, आणि ते मी लपवत नाही.

एकलहरे रस्त्यावर सातच्या सुमारास एका कारने कामावर निघालेल्या सायकलस्वाराला उडवलं आणि ती झाडावर आदळली. सायकलवाल्याचा पाय मोडला. कारचालक पसार. मी पंचनामा उरकून पोलीस ठाण्यात आलो, तर कारचा मालक, एक द्राक्षबागायतदार, स्वतःच हजर. सोबत त्याच्या बागेत राबणारा पेठ तालुक्याकडचा एक पन्नाशीचा मजूर.

"साहेब, गाडी यानेच चालवली," मालक म्हणाला. मजूर हात जोडून उभा.

गुन्हा कबूल करायची एवढी घाई मला कधीच पटली नाही. शिवाय पंचनाम्यात मी लिहिलं होतं की गाडी जुनी, एअरबॅग नाही, स्टिअरिंग आत वाकलेलं. म्हणजे कुणाची तरी छाती त्यावर जोरात आपटली होती.

"शर्ट काढ," मी मजुराला म्हणालो. छातीवर साधा ओरखडाही नव्हता. मालकाला बाहेर बसवलं आणि मजुराला विचारलं, "गाडी येते चालवता?"

"नाय सायेब. शेट म्हनला, दोन दिस आत जा, तिसऱ्या दिशी सोडवतो."

माझं डोकंच फिरलं. एकदा नाव लागलं की त्याची किती वर्षं कोर्टाच्या खेपांत जातील, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात सायकलवाल्याचा जबाब घ्यायला गेलेल्या हवालदाराचा दवाखान्यातून फोन आला. "साहेब, शेजारच्या खाटेवर एक तरुण आहे. जिन्यावरून पडला म्हणतात. पण केसांत काचा आहेत. आणि आडनाव गाडीमालकाचंच."

मालकाला आत बोलावलं. तो तरुण त्याचाच मुलगा होता, पण बाप अर्धा तास 'जिना, जिना' करत राहिला. हवालदाराने कळवलं होतं, मुलाच्या एक्स-रेत बरगड्या शाबूत होत्या, डॉक्टर दुपारी घरी सोडणार होते. पोलीस नकोत म्हणून दवाखान्यात खोटं सांगणारी घरं मी ढिगाने पाहिली आहेत. पण अपघातानंतर धडधाकट दिसणारी, बोलता बोलता गेलेली माणसंही पाहिली होती.

"केसचं नंतर बघू," मी म्हणालो. "तुम्हाला मुलगा हवाय ना? मग आधी डॉक्टरांना खरं सांगा." नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"गाडी झाडावर आदळली, डॉक्टर. नव्वदच्या वेगात असेल. पट्टा लावला नव्हता."

पलीकडून उत्तर आलं, "त्याला उठू देऊ नका म्हणून सिस्टरला सांगतो. लगेच सीटी स्कॅन करतो."

आम्ही पोहोचलो तेव्हा शिरेतून औषध सोडून स्कॅन झालं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. हृदयातून निघणारी महाधमनी जिथे वळून खाली उतरते, तिथे टायरला येतो तसा फुगा आला होता. "आतून फाटली आहे. बाहेरच्या पातळ थराने रक्त धरून ठेवलंय. घरी गेला असता तर परत आणायला वेळच मिळाला नसता."

त्याच दुपारी जांघेतून नळी घालून फाटलेल्या जागी आतून अस्तर बसवलं. मुलगा वाचला!

ठाण्यात येऊन मजुराला म्हटलं, "जा घरी. तुझ्यावर काही नाही." तो जागचा हलला नाही. "धाकला शेट वाचला का, सायेब?" त्याने आधी तेच विचारलं. मला लय बरं वाटलं, आणि त्याच्या शेटची लाजही वाटली.

काही आठवड्यांनी तो तरुण स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला आणि गाडी आपणच चालवत होतो असा जबाब देऊन त्याने सही केली. बापाचाही खोटेपणा मी कागदावर घेतला, सोडला नाही.

खरं हे कोर्टासाठी काढायचं, असं मी तोवर समजत होतो. त्या सकाळपासून अपघाताच्या प्रत्येक जबाबात माझा पहिला प्रश्न बदलला: "डॉक्टरांना खरं सांगितलंय का?"