मुंगीचा स्वयंपाक

आचारीबुवांच्या हाताला चव होती, हे सांगायला साक्षीदार लागत नसत. कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं रोज चारशे माणसं त्यांच्या हातचं जेवून बोटं चाटत उठली. त्यांनी कधी काही मोजलं नाही. मीठ मुठीने, तिखट नजरेने. एकच लांब दांड्याची पळी घेऊन ते या पातेल्यातून त्या पातेल्यात फिरत, इथे ढवळ, तिथे चाख. कुणी नवशिक्या वजनकाटा काढू लागला तर म्हणत, "काटा दवाखान्यात ठेव, इथे जीभ आहे." गर्व होता, नाही असं नाही. पण तो त्यांना शोभायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलीच्या घरचा स्वयंपाक हाती घेतला. घरात मुलगी, जावई आणि पाच वर्षांची नात. ती सतत काहीतरी ओढून नेत असायची, म्हणून मुंगी. मुंगीला दूध चालत नाही, अंडं चालत नाही, गहू, शेंगदाणे आणि तीळही नाहीत, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. तो कागद मुलीने फ्रीजवर चिकटवला होता. मुंगीचं पातेलं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं. चारशेंचं सांभाळणाऱ्याला चौघांचं म्हणजे हातचा मळ, असं आचारीबुवांना वाटलं.

एका सुट्टीच्या दुपारी एका शेगडीवर शेंगदाण्याचा रस्सा उकळत होता आणि दुसरीवर मुंगीचा भात तळाला लागू पाहत होता. हात आपोआप गेला. रश्श्यातली पळी भातात फिरली. जेवण होऊन पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच मुंगीचे ओठ सुजले, श्वासाला शिट्टी लागली. मुलीने घरात ठेवलेलं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं आणि सगळे दवाखान्यात धावले.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"साधा भात," आचारीबुवा म्हणाले. "माझ्या स्वयंपाकात गफलत होत नाही."

पळी त्यांना तेव्हाच आठवली होती. पण एकतीस वर्षांचं नाव आडवं आलं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठे ते खालमानेने खरं बोलले.

मुंगी वाचली. दुसऱ्या दिवशी घरी येऊन पलंगावर उड्याही मारू लागली.  चार दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता मुलगी म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते, बाबा. पण डॉक्टर विचारत होत्या आणि तुम्ही स्वतःचं नाव सांभाळत बसलात."



तेव्हापासून मुंगीचं जेवण मुलगीच करू लागली. सकाळी लवकर रांधायची, डब्यात बंद करायची आणि दुपारी एकला टपाल कचेरीतली आपली खिडकी बंद करून धापा टाकत भरवायला यायची. आचारीबुवांनी त्या डब्याला हात लावायचा नाही. ज्याच्या हातचं चारशे जण जेवले, त्याच्या हातचा घास सख्ख्या नातीला नाही! दुसरा कुणी असता तर रुसून कोपऱ्यात बसला असता. आपल्याला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथून पुढे.

आधी त्यांनी ती पळी भंगारात दिली. मग जाहीर केलं, "या घरात दोन पातेली नकोत. मुंगीला जे चालत नाही, ते कुणालाच नाही." जावई अंड्याचा भक्त. पण सासऱ्यापुढे बोलणार कोण? तो बाहेर कोपऱ्यावर दोन अंडी हाणायचा आणि दात घासून, हात धुऊन मगच चोरासारखा घरात शिरायचा. "ब्रश खिशात घेऊन फिरणारा जावई जगात मी एकटाच असेन," असं तो मित्रांना सांगायचा.

साठी उलटल्यावर आचारीबुवा पुन्हा बिगरीत बसले म्हणा ना. गव्हाशिवाय पाव काही फुगेना. अकरा पाव डोकं फोडण्याजोगे झाले, बारावा खाण्याजोगा. जन्मात चमचा न मोजलेला हा माणूस तांदळाचं पीठ काट्यावर तोलू लागला, वहीत लिहू लागला, दर वेळी चाखायला नवा चमचा घेऊ लागला. दुकानात भिंग लावून पाकिटं वाचायची. एका मसाल्यावर 'इतर पदार्थ' असं छापलेलं दिसलं.

"इतर म्हणजे कोण कोण?" त्यांनी दुकानदाराला दरडावलं. "पाहुणे घरात घ्यायचे तर नावं नकोत कळायला?"

पुढे ते लांबून येताना दिसले की दुकानदार माल मोजण्याचं सोंग करायचा.

असं दीड वर्ष चाललं. मुलगी त्यांच्या हातचं जेवायची, सगळं बघायची. मुंगीचा डबा वेगळाच. मग एका संध्याकाळी ताटं उचलताना ती म्हणाली, "उद्या मुंगीचंही तुम्हीच करा, बाबा. भरवायला मी येईनच एकला."

दुसऱ्या दिवशी आचारीबुवांनी भोपळा घालून मऊ भात शिजत ठेवला. मधेच शेजारीणबाई नेलेली परात परत द्यायला आल्या. त्यांनी ती घेतली, ओट्याखाली सरकवली आणि भात ढवळला, वरून मीठ भुरभुरलं. जरा वेळाने खाली लक्ष गेलं तर परातीच्या काठाला पांढरं पीठ. गव्हाचं.

परात ठेवल्यावर हात धुतले होते का? धुतले असतील. धुतलेच असणार, दीड वर्षात एकदाही चुकलं नव्हतं. पण काही केल्या आठवेना. पावणेएक होत आला होता. भाताचा वास घरभर दरवळत होता आणि मुंगी टेबलावर वाटी आपटत होती, "आजोबा, वाढ ना!" घरात तिसरं माणूस नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

त्यांनी ते पातेलं झाकून जावयासाठी बाजूला ठेवलं, परात, ओटा आणि हात साबणाने घासले, मुंगीला केळं सोलून दिलं आणि टपाल कचेरीत फोन लावला.

"अगं, गव्हाच्या पिठाची परात हाताळली. मग हात धुतले की नाही, मला आठवत नाही. मुंगीने भाताचं शीतही खाल्लेलं नाही. पुन्हा करतोय, वेळ लागेल. चुकलं माझं."

पलीकडे शिक्के आपटल्याचे आवाज येत होते.

"बाबा," मुलगी म्हणाली, "सावकाश करा. मी आज येत नाही. मुंगीला तुम्हीच भरवा."

आचारीबुवांनी फोन ठेवला, डोळे पुसले, हात पुन्हा एकदा धुतले आणि नवा भोपळा चिरायला घेतला.