अण्णांचा शब्द आणि मागची खोली

आमचे अण्णा फार पुढचं बघणारे होते. लातूरचं घर त्यांनी भूकंपानंतर बांधलं. तेव्हा रजा टाकून रोज गवंड्याच्या डोक्यावर उभे राहायचे आणि भिंतीत तीन-तीन ठिकाणी लोखंडी पट्ट्या घालून घ्यायचे. पाणी जाईल म्हणून दोन टाक्या आणि एक हौद. चोर येतील म्हणून खिडक्यांना दुहेरी गज. स्कूटर भंगारात गेली त्या वर्षीसुद्धा त्यांनी तिचा विमा भरला होता. भूकंप, दुष्काळ, चोरी, अपघात, सगळ्यांची व्यवस्था झाली होती. मरणाची मात्र नव्हती, कारण आमच्या घरात तो विषय काढणं अशुभ समजलं जाई.

त्यांचे एक वकील मित्र रविवारी चहाला यायचे. ते दर दोन-तीन महिन्यांनी म्हणायचे, "अण्णा, घर तुमच्या कमाईचं हाय. एक मृत्युपत्र करून ठेवा. दोन साक्षीदार लागतात, तेही मीच आणतो."

"नावातच मृत्यू हाय," अण्णा म्हणायचे. "सकाळच्या पारी काय बोलून राहिले वकीलसाहेब! अन् ज्यांच्या पोरांत भांडणं होतात त्यांनी लिहावं. माझ्या पोरांचं तसं न्हाई."

खरं म्हणजे लिहायला हवं होतं ते पोरांसाठी नाहीच, आत्यासाठी.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती विधवा झाली आणि देवणीकडच्या सासरहून परत आली. तिथं तिच्या नवऱ्याच्या वाट्याची जमीन होती. लातूरचं घर बांधून झालं त्याच वर्षी दीर हक्कसोडीचा कागद घेऊन दारात आले, तेव्हा अण्णांनीच तिला सांगितलं, "कर सही, अक्का. काय करायची त्यांची माती? माझं घर हाय ना! मागची खोली तुझी. मरेपर्यंत तुला कुणी उठ म्हणणार न्हाई." आत्याने सही केली. हा प्रसंग पाहुण्यारावळ्यांत कौतुकाने सांगितला जायचा. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं बायका म्हणायच्या.

आईला मात्र नणंदेचं एवढं कौतुक नव्हतं. आत्याचा मिठाचा हात जड. आईचा स्वभाव तिखट. सकाळी वरणावरून सुरू झालेलं दुपारी वाळवणावर जायचं. "वन्सं, तुमच्या माहेरात असंच करत असतील," असं आई रागाने म्हणायची आणि आत्या शांतपणे उत्तर द्यायची, "माहेरातच हाय की मी, वैनी." आम्ही भावंडं याच आवाजात अभ्यास करून मोठी झालो. दादा पुण्याला नोकरीला लागला. मी लग्न होऊन नांदेडला आले.

अण्णा एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काहीही त्रास न होता गेले. पुण्यवान माणूस, सगळे म्हणाले. पुण्य त्यांच्याबरोबर गेलं आणि घर मागे राहिलं.

वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी दादाने विषय काढला. दादा वाईट नाही, हे आधीच सांगते. आईला जिना चढवत नाही, म्हणून त्याने पुण्यात लिफ्ट असलेला फ्लॅट बघितला होता. लातूरचं घर विकायचं, आईने त्याच्याकडे यायचं. माझ्यासाठी हक्कसोडीचा कागद टाइप करूनच आणला होता. "बहिणी करतातच," तो म्हणाला. "तुला काय कमी आहे?"

"आत्याचं काय?" मी विचारलं.

"आत्याला कुणी सोडून देतंय का? पण फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. तिच्या सासरचे लोक आहेत की देवणीला."

आत्या तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मी वकीलकाकांकडे गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "बाई, कायद्याने घराचे वारस तिघं. तुझी आई, भाऊ अन् तू. बायको-मुलं असली की बहीण येत न्हाई."

"पण अण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता!"

"शब्द हाय ना," ते म्हणाले. "मी स्वतः ऐकला, चार वेळा. कोर्टाला ऐकू गेला न्हाई, एवढंच."

बहिणीसाठी जीव टाकणाऱ्या भावाने तिला सासरची जमीन सोडायला लावली होती आणि माहेरात पाय टेकायला जागाही ठेवली नव्हती. दोन्ही प्रेमापोटी.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. मनात भीती होती. नणंदेची ब्याद आपोआप टळते आहे, असं तिला वाटलं तर तिचा दोष कसा काढायचा? आई गहू निवडत होती. खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "म्हंजे त्या बाईला रस्त्यावर काढायचं? माझ्या हातानं?"

"तसं कुणी म्हणत नाही."

"मग कसं म्हणून राहिले? भांडायचं असंल तर मी भांडंन. तिच्याशी भांडायचा हक्क माझा हाय, दुसऱ्या कुणाचा न्हाई."

आईने पुण्याला जायला नकार दिला. मी हक्कसोड केली ती दादाच्या नावे नाही, आईच्या नावे. दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. राखी मी पोस्टाने पाठवली, ती मिळाल्याचंही त्याने कळवलं नाही. शेवटी वकीलकाकांनीच समजूत घातली आणि वाटणीपत्र झालं. रस्त्याकडच्या दोन खोल्या दादाच्या, मागची बाजू आईची. लगेच आईने मृत्युपत्र करायला घेतलं. मागची खोली आणि न्हाणीघर नणंदेने हयातीपर्यंत वापरावं, नंतर सगळं दोन्ही मुलांना सारखं.

नोंदणीच्या कार्यालयात कारकुनाने कागद वाचून मान वर केली. "आजी, नणंदेसाठी? सुनेसाठी आणलेलं बघितलंय, नातवासाठी तर रोजच. नणंदेसाठी पहिल्यांदाच."

"चूक हाय का काही?" आईने विचारलं.

"न्हाई न्हाई."

"मग मारा शिक्का."

बातमी गल्लीत पसरली आणि बायका आईच्या तब्येतीची चौकशी करायला येऊ लागल्या. एकीने शहाळंही आणलं. आई ठणठणीत होती. त्यानंतर ती चांगली सहा वर्षं जगली. मृत्युपत्राने माणूस मरत नाही, हे आमच्या गल्लीला तिने दाखवून दिलं, पण बोध कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

मागच्या वर्षी आई गेली. तेराव्यानंतर दादाने कागद मागितला. उभ्यानेच वाचला, घडी घालून परत दिला. मग म्हणाला, "अण्णांनीच हे केलं असतं तर मी काही बोललो असतो का?" बोलला नसता, हे मलाही माहीत आहे. त्याच वर्षभराच्या अबोल्यात त्याच्या मुलीचं बारसं झालं आणि मी तिथं नव्हते.

आत्या आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. गेल्या महिन्यात मी लातूरला गेले, तर मागच्या खोलीला नवा रंग. गडद, डोळ्यांवर येणारा गुलाबी.

"आत्या, हा कुणी दिला?"

"मीच देऊन घेतला. चांगला हाय का?"

मी चांगला आहे म्हणाले. ती पलंगावर बसून चारी भिंती बघत होती.

"लई दिवसांपासून मनात होता," ती म्हणाली. "पण कुणाला इचारायचं, हेच कळत न्हवतं."